व्हर्शन कंट्रोल शिकवायचं कधी?

प्रोग्रामिंग नुकतंच शिकू लागलेल्यांना व्हर्शन कंट्रोल वर्गात रीतसर शिकवावं, की ते कामाच्या ओघात येतंच? उत्तराआधी ही साधनं कशी जन्मली ते पाहू.

१९७२ साली बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस लिहिलं. दहाएक वर्षांनी पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांचं आरसीएस आलं. त्यातला व्यवहार ग्रंथालयासारखा. एकाने फाइल बदलायला नेली की तिला कुलूप, दुसऱ्याने थांबायचं. हे कळायला अर्धा तास पुरे!

खरी गंमत ॲमस्टरडॅमला झाली. तिथले प्राध्यापक डिक ग्रून १९८४-८५मध्ये दोन विद्यार्थ्यांसोबत सी भाषेचा कंपायलर लिहीत होते. एक विद्यार्थी नऊ ते पाच काम करणारा, दुसऱ्याच्या वेळेचा भरवसा नाही, आणि सरांना सवड फक्त संध्याकाळी. कुलूप लावून गेला एक की बाकीच्यांचा खोळंबा. म्हणून सरांनी आरसीएसवर स्क्रिप्ट रचल्या: प्रत्येकाने आपल्या वेळेला बदल करावेत, मग ते जुळवावेत. हेच पुढचं सीव्हीएस. इथे अडचण आधी आली, साधन मागून.

गिटचं नवशिक्यापुरतं उलटं झालंय. एप्रिल २००५मध्ये बिटकीपरची फुकट सोय गेली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलसाठी ते लिहिलं. जगभर विखुरलेल्या माणसांचे बदल एकत्र करायचं ते यंत्र. आपला नवशिका एकटा, त्याची फाइल एक, आणि पहिल्याच आठवड्यात हे त्याच्या हाती! मग ॲड, कमिट, पुश मंत्रासारखं पाठ होतं, आणि दोन बदल भिडले की पोरगं अख्खं फोल्डर पुसून नवं उतरवतं. त्यात त्याची मेहनतही जाते. मला यात पोरांचा दोष दिसत नाही.

कालचा चालणारा प्रोग्राम परत मिळवणं एकट्यालाही लागतं. तेवढं तासाभरात दाखवावं. बाकीचं मात्र रीतसरच शिकवावं, कारण गिटच्या आज्ञांवरून आतलं काही उमगत नाही. एमआयटीतल्या ‘मिसिंग सेमिस्टर’ या वर्गात २०२० साली हेच केलं: आधी गिट माहिती कशी साठवतं ते, आज्ञा नंतर.

पण हा तास कधी घ्यायचा? दोघांना एकच प्रोग्राम द्या, एकच ओळ दोघांना बदलू द्या. बदल भिडले की मग फळ्याकडे वळा.