मान कोणाला द्यायचा? मावळातून क्रीडा-इतिहासाकडे बघताना



आजचा विषय वरवर पाहता गप्पांचा आहे. खेळाडूंचे एक कीर्तिमंदिर उभारायचे, इंग्रजीत ज्याला 'हॉल ऑफ फेम' म्हणतात तसे, तर त्यात कोणाला बसवायचे? चहाच्या टपरीवर या प्रश्नावर दोन तास सहज जातात. पण आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, त्यामुळे आमची खोड अशी की आधी प्रश्नच तपासायचा. 'कोण लायक?' याच्या आधी 'लायक म्हणजे काय, आणि ते ठरवणारे कोण?' हे विचारावे लागते. ॲरिस्टॉटलने मानाविषयी एक शंका काढून ठेवली आहे. मान हा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यावर जास्त अवलंबून असतो, मग त्याला माणसाचे खरे श्रेय कसे म्हणावे? आज आपण जी उदाहरणे बघणार आहोत, त्यांतल्या प्रत्येकात ही शंका डोके वर काढते.

सुरुवात आपल्या घाटापासून करू. मुंबई-पुणे सायकल शर्यत तुमच्यापैकी पुष्कळांनी रस्त्याच्या कडेला उभे राहून बघितली असेल. मुंबईहून सुटलेले स्वार खोपोलीपर्यंत घोळक्याने येतात, बोरघाट लागला की घोळका फुटतो. घाट सगळ्यांत आधी चढून येणाऱ्याला 'घाटाचा राजा' असा किताब असतो. शर्यत पुढे पुण्यात संपते आणि जिंकणारा दुसराच कोणी असू शकतो. म्हणजे एकाच शर्यतीत दोन मान आहेत. एक आधी पोहोचल्याचा, दुसरा अवघड टप्पा काढल्याचा. दोन्ही खरे आहेत आणि त्यांत भांडण नाही. आमचे म्हणणे असे, की क्रीडा-इतिहासात आपण पहिला मान मोजायला शिकलो, दुसरा मोजायला अजून शिकलेलो नाही.

आता क्रिकेटकडे येऊ, कारण क्रिकेटचे मोठे मैदान आपल्या तालुक्यातच आहे. गहुंज्याच्या मैदानावर डिसेंबर 2012 मध्ये भारत-इंग्लंड हा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. फेब्रुवारी 2017 मध्ये पहिली कसोटी झाली, आणि तीत ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने दोन डावांत मिळून 70 धावांत 12 बळी घेतले. डावखुरी फिरकी होती. पुण्याच्या परिसरातली डावखुरी फिरकी म्हटली की आम्हाला मात्र आणखी सव्वाशे वर्षे मागे जावेसे वाटते.

पळवणकर बाळू. जन्म 1876 चा, चर्मकार समाजातला. पुण्यात पारशांच्या क्लबात खेळपट्टीची झाडलोट करायला महिना तीन रुपयांवर लागलेला पोरगा. पुढे तो गोऱ्यांच्या पूना क्लबात गेला, आणि तिथे साहेबांना सराव म्हणून गोलंदाजी करता करता डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज बाळूने बाद केले की दर वेळी आठ आणे देई, असे सांगतात. त्याच्या हातात बॅट मात्र कोणी दिली नाही. पुण्याच्या हिंदू क्लबाला तो हवा होता, कारण त्याच्याशिवाय गोऱ्यांना हरवणे कठीण. पण चहाच्या वेळी इतर खेळाडू आत कपबशीतून चहा घेत, बाळूला बाहेर मातीच्या भांड्यात मिळे. चेंडू एकच, तो सगळ्यांच्या हातातून फिरायचा. कपबशी मात्र फिरायची नाही.

1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाने मार खाल्ला, पण बाळूने सगळ्या सामन्यांत मिळून 114 बळी घेतले, साधारण 19 धावांना एक या दराने. प्रथम श्रेणीच्या कारकिर्दीत 33 सामन्यांत 179 बळी, सरासरी 15 च्या आसपास. हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. 1920 साली त्यावरून मोठा वाद झाला. शेवटी 1923 साली धाकटा भाऊ विठ्ठल कर्णधार झाला.

कोणी म्हणेल, बाळू कसोटी खेळला नाही, मग त्याला सर्वोच्च मान कसा? भारताची पहिली कसोटी 1932 ची. तेव्हा बाळू 56 वर्षांचा होता. पायरीच बांधलेली नव्हती, तर 'तू पायरी का चढला नाहीस' हे विचारण्यात अर्थ काय?

आणि गंमत बघा, ही अडचण आपण दुसऱ्या एका पुणेकराच्या बाबतीत कधीच मांडली नाही. प्रा. दि. ब. देवधर. एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारे, जन्म 1892 चा. 1926 साली गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध त्यांनी 148 धावा केल्या. 1939-40 आणि 1940-41 अशी सलग दोन वर्षे महाराष्ट्राला रणजी करंडक जिंकून दिला, आणि वयाच्या 48 व्या वर्षी मुंबईविरुद्ध 246 धावा काढल्या. 1944 मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, एकाच सामन्यात दोन शतके. अधिकृत कसोटी तेही खेळले नाहीत. तरी त्यांच्या नावाची राष्ट्रीय स्पर्धा 1973-74 मध्ये सुरू झाली. 1965 साली पद्मश्री आणि 1991 साली पद्मभूषणही त्यांना मिळाले. हे सगळे योग्यच झाले, त्यात आमचे दुमत नाही. पण मग 'कसोटी खेळला नाही' हे कारण खोटे ठरते. देवधर 101 वर्षे जगले, शिकलेल्या वर्गात वावरले, त्यांचे सहकारी, विद्यार्थी, वृत्तपत्रे त्यांना ओळखत होती. बाळू 1955 साली गेला, तेव्हा त्याच्याबद्दल लिहू शकणारे थोडे होते. त्याच्या भावाने, विठ्ठलने, 1948 मध्ये 'माझे क्रीडा-जीवन' लिहून ठेवले म्हणून बरेच हाती लागले. रामचंद्र गुहांनी 2002 च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात बाळूला पुन्हा उजेडात आणले, त्यातही विठ्ठलच्या मराठी पुस्तकाचा आधार आहे. मान मिळायला कामगिरी लागतेच, पण कामगिरी लिहून ठेवणारा माणूसही लागतो.

तिसरे उदाहरण भाऊसाहेब निंबाळकरांचे. डिसेंबर 1948, पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर नाबाद 443. ब्रॅडमनचा तेव्हाचा विक्रम 452 चा. दहा धावा काढल्या की तो मागे पडणार, आणि समोरच्या संघाने सामनाच सोडून दिला! भारतीयाची प्रथम श्रेणीतली ही सर्वोच्च खेळी आजही आहे. निंबाळकरही कसोटी खेळले नाहीत. पुढे त्यांना क्रिकेट मंडळाचा सी. के. नायडू जीवनगौरव मिळाला. आकडा तर आहे, पण तोही पुरा होऊ दिलेला नाही. तेव्हा आकड्यांवर विसंबणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे, की आकडा दोन्ही बाजूंनी मिळून घडतो.

बाहेरच्या जगात हा वाद कसा सुटला? अमेरिकेत बेसबॉलच्या कीर्तिमंदिराची पहिली निवड 1936 साली झाली. क्रीडा-पत्रकारांनी मते द्यायची आणि 75 टक्के मते पडली तर प्रवेश, असा कडक नियम. नियम उत्तम. पण काळ्या खेळाडूंना मोठ्या संघांची दारे 1947 पर्यंत बंद होती, ते आपापल्या वेगळ्या स्पर्धा खेळत. मोठ्या स्पर्धांत त्यांचे आकडेच नाहीत, मग मते कशाला पडणार? 1966 साली टेड विल्यम्स या गोऱ्या खेळाडूचा तिथे सत्कार झाला. आभाराच्या भाषणात त्याने सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांची नावे घेतली, आणि हेही एक दिवस इथे असावेत असे सांगितले. 1971 साली पेजची निवड झाली. आधी बेत असा होता की या खेळाडूंचा वेगळा विभाग करावा. लोक म्हणाले, म्हणजे मंदिरातही वेगळी पंगत! तो बेत सोडावा लागला. आपल्याला कपबशीची गोष्ट ठाऊक असल्यामुळे हा मुद्दा समजायला वेळ लागू नये.

आता कुस्ती. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. 1948 साली लंडनला सहावे आले. 1952 मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा लोकवर्गणी झाली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधले ते पहिले वैयक्तिक पदक. दुसरे यायला 44 वर्षे लागली, ते 1996 साली लिएंडर पेसने आणले. कुस्तीतले पुढचे तर 2008 चे. पद्म पुरस्कार 1954 पासून सुरू झाले, खाशाबा 1984 पर्यंत हयात होते, पोलिसांत नोकरी करत होते. म्हणजे हातात तीस वर्षे होती. अर्जुन पुरस्कार मिळाला तो 2000 सालचा, मरणोत्तर. 2010 मध्ये दिल्लीच्या कुस्ती-स्टेडियमला त्यांचे नाव दिले. आता 15 जानेवारी, त्यांचा जन्मदिवस, महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे. पद्म पुरस्कार मात्र सहसा मरणोत्तर देत नाहीत, अपवाद करता येतो. त्या अपवादासाठी कुटुंब आणि कुस्तीप्रेमी वर्षानुवर्षे मागणी करत आले आहेत.

इथे तत्त्वाचा प्रश्न येतो. मेलेल्या माणसाला मान देऊन काय साधते? त्याला तर काही कळत नाही. आमचे उत्तर असे, की बक्षीस आणि मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बक्षीस घेणाऱ्याच्या हातात पडते, ते वेळेत द्यायला हवे, उशीर झाला तर हुकलेच. मान हे समाजाचे विधान असते: आमच्या लेखी मोठे काय, ते असे. ते विधान उशिरा केले तरी खरे असते. पण उशिरा दिलेल्या मानाने वेळेत न दिलेल्या बक्षिसाची भरपाई झाली, असे कोणी समजू नये.

वेळेत दिले तर काय होते, याचे अर्धेमुर्धे उदाहरण मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातले, सैन्यातले मुष्टियोद्धे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आले, मग पोहायला लागले. 1972 मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून जागतिक विक्रमासह सुवर्णपदक जिंकले. पद्मश्री आली 2018 साली. सेहेचाळीस वर्षांनी का होईना, स्वतःच्या हाताने घेता आली.

लोणावळ्यात बोलतो आहोत तर आणखी एक वर्ग विसरता येणार नाही: शिकवणारे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली इथे कैवल्यधाम काढले. त्याआधी ते बडोद्याला प्रा. माणिकरावांच्या आखाड्यात तयार झाले होते. योगाच्या क्रिया प्रयोगशाळेत तपासायच्या, शाळांत शारीरिक शिक्षण रुजवायचे, ही त्यांची कामे. आज योगासन सरकारमान्य स्पर्धात्मक खेळ आहे. कुवलयानंदांनी एकही स्पर्धा जिंकलेली नाही. त्यांना कीर्तिमंदिरात जागा आहे की नाही? धावा आणि पदके हाच निकष धरला, तर नाही. 'हा माणूस नसता तर खेळात काय कमी पडले असते?' असे विचारले, तर नक्कीच आहे.

हा प्रश्नच आम्हाला निकष म्हणून जवळचा वाटतो. त्याला दुसरा जोडावा: 'याच्यासाठी कोणती दारे उघडी होती?' यावर आक्षेप ठरलेला आहे, की अशाने कीर्तिमंदिराची सहानुभूतीची यादी होईल. होणार नाही. गैरसोय सोसली म्हणून कोणी थोर होत नाही. बाळूचे 179 बळी आहेतच, खाशाबांचे पदक आहेच. अडचणी मोजायच्या त्या कामगिरीत गुण वाढवायला नव्हे, तर कामगिरी नीट वाचायला. चढावरचा वेग आणि सपाटीवरचा वेग एकाच तक्त्यात लिहिणारा पंच आपण घाटात उभा करू का?

शेवटी एक कामाची गोष्ट. मावळातल्या गावागावांत जत्रेचे आखाडे भरतात. हलगी वाजते, नारळापासून इनामाच्या मानाच्या कुस्तीपर्यंत दिवस रंगतो. त्या मातीत ज्यांनी नाव काढले, त्यांची नावे आज कोठे आहेत? ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरातल्या चार म्हाताऱ्यांच्या तोंडी. तीच गोष्ट कबड्डी-खोखोची, आणि लग्नानंतर मैदान सुटलेल्या मुलींची तर त्याहून. यांतले कोण कीर्तिमंदिराला लायक, हे आज ठरवूच नका. ठरवायला आधी नोंद हवी. जत्रेची जुनी हँडबिले, फोटो, कात्रणे, बक्षिसाच्या ढाली शाळेत नाही तर ग्रामपंचायतीत एकत्र करा. मोबाईल सगळ्यांकडे आहे, आजोबांना आणि आजींनाही समोर बसवून बोलते करा, गाव आणि साल विचारून घ्या. विठ्ठलने लिहिले नसते तर बाळूबद्दल आज आपण इतके बोलू शकलो नसतो.

आणि उद्या गहुंज्यात किंवा बालेवाडीत अशी भिंत खरोखर उभी राहिली, तर तिच्यावर नाव कोरणाऱ्यांकडे एकच मागणी करावी: प्रत्येक नावाखाली कारण लिहा. नाव गाळले तर त्याचेही कारण नोंदवून ठेवा. म्हणजे पन्नास वर्षांनी कोणाला ते चुकीचे वाटले, तर नेमके काय खोडायचे हे त्याला कळेल.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, आणि तुमच्या गावच्या पैलवानाचे नाव जाताना आमच्या वहीत लिहून जा.