आठ अक्षरांत सोलापूर : सीडीवर हरवलेल्या नावांचा इतिहास

(सोलापुरात दिलेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



विषय वाचून दोघातिघांनी मघाशी दारातच मला विचारलं, "सर, हा इतिहास आहे का कॉम्प्युटरचा क्लास?" इतिहासच आहे. ही सीडी बघा. २००२ साली राइट केलेली. हिच्यावर आपल्या जुन्या मिलच्या अकरा कामगारांच्या मुलाखती आहेत. आवाज अजून स्वच्छ आहेत. पण कुठला आवाज कुणाचा, हे काही सीडी सांगत नाही.

झालं असं. मुलाखती मी कॅसेटवर घेतल्या आणि मग कॉम्प्युटरवर उतरवल्या. प्रत्येक फाइलला रोमन लिपीत नीट नाव दिलं. आधी 'जुनी मिल', मग माणसाचं नाव, मग तो कोणत्या खात्यात होता ते. हार्ड डिस्क भरत आली, म्हणून सीडी करायला एका दुकानात गेलो. तिथं पडद्यावर एक सूचना आली : फायलींची नावं नियमात बसत नाहीत, बदलू का? दुकानातला मुलगा म्हणाला, "सर, असं केलं की कुठल्याही मशीनवर चालेल." मी म्हटलं, "कर ओके." चूक माझीच आहे. घरी येऊन मूळ फायली पुसल्या, कॅसेटवर दुसरं काही टेप केलं. काही महिन्यांनी सीडी उघडली तर काय दिसावं? जे-यू-एन-आय, खाली आडवी रेघ, एम, आणि शून्य एक. पुढच्या फाइलला शून्य दोन. असं अकरापर्यंत. 'जुनी मिल' मधली पाच अक्षरं राहिली, माणसं गेली.

हा नियम केला कुणी? आणि का केला? तिथून सुरुवात करू.

१९७४ साली गॅरी किल्डॉल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने सीपी/एम नावाची प्रणाली तयार केली. तेव्हा फ्लॉपीवर जागा अगदी तुटपुंजी. म्हणून प्रत्येक फाइलच्या नोंदीला ठरावीक जागा नेमून दिली : नावाला आठ अक्षरं, आणि ती कशाची फाइल आहे हे सांगायला आणखी तीन. १९८१ मध्ये डॉस आलं, त्याने हीच पद्धत उचलली. डॉसच्या यादीत एका फाइलची नोंद बत्तीस बाइटची. त्यातले अकरा नावाला, बाकीचे तारीख, आकार, फाइल कुठे सुरू होते ते सांगायला. छापील फॉर्मवर नावासाठी चौकोन आखलेले असतात ना, तसंच. नाव लांब असलं तरी चौकोन काही वाढत नाहीत.

मग आली सीडी-रॉम. साडेसहाशे मेगाबाइट, म्हणजे सुमारे साडेचारशे फ्लॉपींचा ऐवज एका तबकडीवर. पण एका कंपनीच्या पद्धतीने भरलेली तबकडी दुसऱ्याच्या यंत्रावर वाचता येईना. म्हणून १९८५ च्या अखेरीस अमेरिकेत लेक टाहोजवळच्या हाय सिएरा नावाच्या हॉटेलात अॅपल, मायक्रोसॉफ्ट, फिलिप्स, सोनी, डेक अशा कंपन्यांची माणसं जमली. तिथून जो मसुदा निघाला, त्यावरून १९८६ मध्ये एकमा-११९ आणि १९८८ मध्ये आयएसओ ९६६० हे प्रमाण झालं.

त्यात नावांचे स्तर ठरवले. पहिला स्तर सगळ्यांत कडक : आठ अधिक तीन. अक्षरं फक्त मोठ्या लिपीतली ए ते झेड, शून्य ते नऊ आकडे, आणि खालची आडवी रेघ. मोकळी जागासुद्धा चालत नाही. पुढच्या स्तरावर एकतीस अक्षरांपर्यंत सूट. पण तबकडी डॉसवर चालायची हमी हवी असेल तर पहिलाच स्तर धरायचा.

मी हा निर्णय मूर्खपणाचा मानत नाही. सगळ्यांत साध्या यंत्रालाही तबकडी वाचता आली पाहिजे, हा त्यामागचा हेतू होता, आणि तो साधला. ही २००२ सालची तबकडी आजचं यंत्र वाचतं, ते त्या करारामुळेच. प्रश्न एवढाच, की त्याची किंमत कुणी मोजली?

आपल्या गावांवरून बघू. 'शोलापूर', इंग्रजांच्या स्पेलिंगने : एस, एच, ओ, एल, ए, पी, यू, आर. बरोबर आठ! साहेबाचं शोलापूर चौकोनात फिट्ट. अक्कलकोटही आठ. बार्शी, मोहोळ, माढा, करमाळा, सांगोला सुखरूप. पंढरपूर मात्र दहा, माळशिरस नऊ. विंडोज ९५ ने लांब नावं दिली, पण जुन्या प्रोग्रामसाठी ते नावाची पहिली सहा अक्षरं, एक वळवळती रेघ आणि आकडा असं आखूड नावही ठेवायचं. म्हणजे मंगळवेढा आणि आपली मंगळवार पेठ, दोन्हींचं होणार 'मंगल', एक 'मंगल एक' आणि दुसरं 'मंगल दोन'. उत्तर सोलापूर, दक्षिण सोलापूर हे तालुके इंग्रजीत सोलापूर नॉर्थ, सोलापूर साउथ असे लिहिलेत तर दिशाच गेली.

हसायला ठीक आहे, पण पुढचं बघा. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले आपले चार हुतात्मे : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. कुर्बान हे नाव रोमन लिपीत कुणी 'के' ने लिहितं, कुणी 'क्यू' ने. यादी लावली की एकाच माणसाचे कागद दोन ठिकाणी जातात. पूर्ण नाव समोर असेल तर आपल्या लगेच ध्यानात येतं. आखूड केलेल्या नावात ते कळायचीही सोय राहत नाही.

मग देवनागरीत का नाही लिहिलं? १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने सीडीसाठी जोलिएट नावाची जोड काढली. त्यात युनिकोडमधली चौसष्ट अक्षरं बसतात, आणि देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. पण विंडोज ९५, ९८ मध्ये देवनागरी युनिकोडची सोय नव्हती. आपण श्रीलिपीसारख्या फॉन्टवर काम करत होतो, आणि तो फॉन्ट फाइलच्या नावाला लागत नाही. विंडोज २००० पासून वाट मोकळी झाली. तरी हिशेब वेगळाच. 'सिद्धेश्वर' लिहा. आपल्या डोळ्याला सि, द्धे, श्व, र अशी चार अक्षरं. यंत्र मात्र वेलांटी, मात्रा आणि दोन हलन्त सुटे मोजतं : दहा! आजही ज्या यंत्रणांत नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे, तिथं देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे इंग्रजीला २५५ आणि आपल्याला ८५.

जोलिएटबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. त्यात जुनी यादी पुसली जात नाही. एकाच तबकडीवर दोन याद्या असतात, एक आखूड नावांची आणि एक लांब नावांची. घर एकच, पाट्या दोन. जुनं यंत्र जुनी पाटी वाचतं, नवं यंत्र नवी. म्हणजे 'कुठल्याही मशीनवर चालेल' हेही साधलं असतं आणि माझी नावंही राहिली असती. फक्त एका चौकोनात टिचकी मारायची राहिली.

आता उरलं काय? नाव गेलं तरी प्रत्येक फाइलच्या नोंदीत तारीख आणि वेळ असते. माझ्या सुदैवाने ती सीडी केल्याची नव्हती, मूळ फाइलची होती. कॅसेट ज्या दिवशी कॉम्प्युटरवर घेतली, तो दिवस मी वहीत लिहायचो. ती वही सापडली. तारखा जुळवत बसलो, आणि अकरापैकी सात आवाजांना त्यांची नावं परत मिळाली. उरलेले चार एकाच दिवशी उतरवले होते. तिथं वहीत फक्त चार नावं आहेत, क्रम नाही. आणि त्या चौघांपैकी आज कुणीच हयात नाही.

तुमच्या कपाटात लग्नाच्या, आजोबांच्या भाषणाच्या, भजनी मंडळाच्या सीडी असतील. या आठवड्यात त्या काढा. तबकडीही कायमची टिकत नाही, म्हणून आधी दुसरीकडे कॉपी करा. मग ऐका, आणि ओळखणारं माणूस घरात आहे तोवर पूर्ण नावं कागदावर लिहा. फाइलचं नाव आखूड असलं तरी चालेल, पण शेजारी यादी हवी.

आता माझं एक काम करा. व्याख्यान संपलं की मी ते चार आवाज प्रत्येकी दोन मिनिटं ऐकवणार आहे. जुन्या मिलच्या चाळीत वाढलेली मंडळी इथं बसली आहेत, मला माहीत आहे. बोलण्याची लकब, खोकला, एखादी शिवीसुद्धा ओळखीची वाटली, तरी हात वर करा. आपल्याकडे चार नावं आहेत आणि चार आवाज आहेत. कुणाचं काय, तेवढं लावायचंय.