वसई पाहताना : एक वेढा आणि एक सही

आज आपण वसईला जाणार आहोत. या मालिकेचे श्रोते इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, सगळीकडे आहेत. मी बोलतोय जबलपूरहून. मुंबईला आपण सगळेच जातो. लग्नकार्याला जातो, दवाखान्याच्या कामाला जातो, मुलांकडे जातो. पण मुंबईच्या उत्तरेला, लोकलने सव्वा-दीड तासावर, एक अख्खे जुने शहर तटबंदीच्या आत पडून आहे, तिकडे सहसा कुणी वळत नाही. समुद्रकाठची ऐतिहासिक शहरे म्हटली की आपण गोवा, कोची, पाँडिचेरीची तिकिटे काढतो. वसई मात्र राहून जाते.

ती राहू नये, याचे माझ्या मते एक ठोस कारण आहे. याच जागी १७३९ मध्ये मराठ्यांनी आपल्या सर्वांत अवघड वेढ्यांपैकी एक जिंकला, आणि याच जागी १८०२ मध्ये मराठी राज्याचे स्वातंत्र्य एका कागदावर गहाण पडले. मधे फक्त ६३ वर्षे. त्या दुसऱ्या घटनेचा धक्का थेट आमच्या नर्मदाकाठापर्यंत पोचला. तो कसा, ते शेवटी सांगतो.

आधी जमीन समजून घेऊ. फौजेत पहिला धडा हाच असतो : नकाशा वाचा, मग लढाई वाचा. वसईच्या किल्ल्याच्या पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला उल्हास नदीची रुंद खाडी, पूर्वेला खाजण आणि दलदल. पायदळाला चालून जाता येईल अशी कोरडी जमीन फक्त उत्तरेच्या बाजूला, तीही वाळूची. वाळूत चर खणला की कडा ढासळतात. आणि समुद्र ज्याच्या ताब्यात, त्याला रसद, दारूगोळा, ताजी माणसे मागच्या दाराने मिळत राहतात. असा किल्ला घेणे कुठल्याही सेनापतीला नकोसेच वाटेल.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे दोनशे वर्षे ती त्यांच्या उत्तर फिरंगाणाची राजधानी होती. सुमारे ११० एकरांच्या तटबंदीत चर्च, मठ, रुग्णालय, न्यायालय, श्रीमंतांचे वाडे, सगळे वसले होते. इथलाच एक मुलगा, गोन्सालो गार्सिया, १५९७ मध्ये जपानमधल्या नागासाकीला धर्मासाठी क्रूसावर मारला गेला, आणि १८६२ मध्ये रोमने त्याला संत म्हणून जाहीर केले. वसईच्या ख्रिस्ती समाजाला त्याचा आजही अभिमान आहे. पण याच काळात जुलमाने धर्मांतरे झाली, देवळे पाडली गेली, शेतकऱ्यावर जाच झाला, हेही खरे. स्थानिक मंडळींच्या तक्रारी पुण्यापर्यंत जात होत्या आणि मोहिमेला त्यांची मदतही झाली.

मोहीम सुरू झाली १७३७ मध्ये. त्या वर्षी ठाणे आणि साष्टी हाती आली, अर्नाळाही घेतला. वसई मात्र हटेना. मग चिमाजी आप्पांनी जे केले, ते मला शिकण्यासारखे वाटते. १७३८-३९ च्या हंगामात त्यांनी वसईच्या आजूबाजूची ठाणी एकेक करून उचलली. माहीम, तारापूर, डहाणू, अशेरी. तारापूरच्या तटावर बाजी भिवराव रेठरेकरांसारखा मोहरा पडला. पण त्यामुळे वसईला जमिनीवरून मदत मिळण्याच्या वाटा बंद झाल्या. मुख्य घाव नंतर, आधी फांद्या छाटणे, अशी ही रीत.

फेब्रुवारी १७३९ मध्ये वेढा पडला. आता घड्याळाकडे बघा. जूनमध्ये पाऊस. पाऊस लागला की चर पाण्याने भरणार, दारू भिजणार, आणि सगळे पुढच्या वर्षावर जाणार. त्यातच मार्चमध्ये नादिरशाहाने दिल्ली लुटली. बाजीरावांचे लक्ष उत्तरेकडे लागलेले, आणि तिकडे फौज हवी. म्हणजे आप्पांकडे फार तर तीन महिने होते.

तोफांनी तट पडत नव्हता. आमच्या जबलपूरला १९०४ पासून तोफगाड्यांचा कारखाना आहे, त्यामुळे तोफेचे कौतुक आम्हाला जरा जास्तच. पण तोफेला मर्यादा असते. रुंद, आत मातीने भरलेला तट गोळे गिळून टाकतो. मग उरतो सुरुंग. नागमोडी चर खणत तटाच्या बुडाशी जायचे, बुरुजाखाली बोगदा न्यायचा, त्यात दारू भरायची, तोंड मातीने घट्ट बुजवायचे म्हणजे स्फोटाचा जोर मागे न फुटता वर जातो, आणि वात पेटवायची. वरून आतले लोक बंदुका झाडतात, जळते पदार्थ टाकतात, उलट बोगदे खणून तुमचे बोगदे हुडकतात. हे काम करणाऱ्या बेलदारांची नावे बखरीत येत नाहीत.

मे महिन्यात उत्तरेकडच्या बुरुजांखालचे सुरुंग उडाले. खिंडार पडले, मराठे वर चढले. काही सुरुंग वेळेवर उडाले नाहीत, मागाहून फुटले आणि आपलीच चढलेली माणसे त्यात गेली. तरी हल्ले थांबले नाहीत. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे यांच्यासारखे सरदार या वेढ्यात होते, आणि समुद्रावर मानाजी आंग्रे. किल्ल्याचा सेनापती आधीच मारला गेला होता. मुंबईच्या इंग्रजांनी पोर्तुगीजांना फौज दिली नाही. थोडा पैसा दिला, तोही चर्चची चांदी तारण ठेवून. १६ मे १७३९ ला शरणागती ठरली. इंग्रजी ग्रंथांत तारीख ५ मे दिसली तर गोंधळू नका : त्या काळी इंग्रजांचे पंचांग ११ दिवस मागे होते.

किंमत काय पडली? ग्रँट डफने मराठ्यांचे मृत आणि जखमी पाच हजारांहून जास्त आणि आतल्या पोर्तुगीजांचे आठशे दिले आहेत. विजयाच्या पोवाड्याबरोबर हा हिशेबही लक्षात ठेवावा, असे मला सैनिक म्हणून वाटते.

तहाची कलमे मात्र उदार होती. पोर्तुगीज फौजेला शस्त्रांसह, निशाण फडकवत, वाजतगाजत बाहेर पडू दिले. बायकामुले सुखरूप गेली. जे ख्रिस्ती राहिले, त्यांना आपला धर्म पाळायची मुभा मिळाली. इतकी माणसे गमावल्यावर सैन्य सूडाला उतरते, हे जगभर दिसते. इथे सेनापतीने ते आवरले. चर्चमधल्या घंटा विजयचिन्ह म्हणून देवळांत गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळावर आणि भीमाशंकरला त्या आजही बघायला मिळतात.

आता दुसरी तारीख. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव कोकणात पळाला आणि इंग्रजांच्या जहाजातून वसईला आला. ३१ डिसेंबर १८०२ ला त्याने तह केला : इंग्रजांची सहा हजारांची पायदळ फौज कायम पदरी ठेवायची, तिच्या खर्चाला २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, आणि परराज्यांशी बोलणे इंग्रजांना विचारून करायचे. हा बाजीराव चिमाजी आप्पांच्या सख्ख्या भावाचा नातू. ज्या तटाखाली हजारो माणसे पडली, तिथेच गादी वाचवण्यासाठी ही सही झाली. एकही गोळी न सुटता.

नागपूरकर भोसले आणि शिंदे यांनी हा तह मानला नाही. म्हणून १८०३ चे युद्ध झाले, आडगावला भोसले हरले आणि देवगावचा तह झाला. जबलपूर आणि मंडला १७९८ पासून भोसल्यांकडे होते. डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रज सेनापती हार्डीमन जबलपुरात शिरला आणि मराठी अंमल संपला. वसईच्या त्या कागदापासून मोजा, जेमतेम पंधरा वर्षे. जबलपूरच्या माणसाने वसई का बघावी, त्याचे हे उत्तर.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत जा. आम्हा जबलपूरकरांना कोरड्या उन्हाची सवय, तिथला दमटपणा एप्रिलमध्ये सोसवत नाही. आमच्या गाड्या कल्याणला थांबतात. पुढे दादरला लोकल बदलून वसई रोडला उतरा, तिथून किल्ल्याला बस आणि रिक्षा मिळतात. पाणी आणि टोपी बरोबर असू द्या. दोन दरवाजे आहेत, जमिनीकडचा आणि समुद्राकडचा. जमिनीकडून आत शिरा, सेंट जोसेफ चर्चचा मनोरा, नागेश्वराचे देऊळ, आप्पांचा पुतळा बघा, आणि समुद्रदरवाजातून कोळ्यांच्या होड्यांकडे बाहेर पडा. उत्तरेच्या तटावर मात्र जरा वेळ थांबा. खाली बघा आणि तिथे चर खणणाऱ्यांचा विचार करा.

भिंतींवर नावे कोरू नका. चर्चच्या अवशेषांत मोठ्याने घोषणा देऊ नका. आजूबाजूला राहणारे ख्रिस्ती लोक मराठीच बोलतात, तो वारसा त्यांचाही आहे. आणि मुले बरोबर असतील तर त्यांना दोन्ही तारखा सांगा. १७३९ सांगताना आपला आवाज आपोआप चढतो. १८०२ सांगताना तो खाली येतो, म्हणून आपण ती गाळतो. गाळू नका. किल्ला कसा मिळवला हे जितके कळायला हवे, तितकेच स्वातंत्र्य कसे गमावले हेही.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.