जबलपूर : नर्मदेच्या काठी जपलेला दगड आणि इतिहासाचा वारसा, पाहावीत अशी प्रमुख स्थळे

जबलपूर : संगमरवरी कड्यांमधून वाहणाऱ्या नर्मदेमुळे मध्य प्रदेशातील जबलपूर देशभर परिचित आहे. महाराष्ट्रातून येणारे बहुसंख्य पर्यटक मात्र भेडाघाटात अर्धा दिवस घालवून कान्हा किंवा बांधवगडच्या वाटेला लागतात. शहराच्या परिसरात डायनासोरच्या जीवाश्मांपासून स्वातंत्र्यलढ्यापर्यंतचा वारसा नर्मदेच्या आधाराने विखुरलेला आहे. तो पाहण्यासाठी किमान दोन दिवसांचा मुक्काम आवश्यक ठरतो.

या वारशाचे मोल आता आंतरराष्ट्रीय पातळीवरही मांडले जात आहे. २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत भारतातील सहा स्थळांची भर पडली. त्यांत महाराष्ट्रातील मराठा लष्करी स्थापत्य होते, तसेच नर्मदा खोऱ्यातील भेडाघाट-लमेटाघाटही होते. मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. भेडाघाटाला तो मिळायचा असेल, तर तेथील निसर्ग आणि अवशेष जसेच्या तसे राखले जाणे ही पहिली अट आहे.

भेडाघाट आणि धुवाँधार

शहरापासून सुमारे २० ते २५ किलोमीटरवर भेडाघाट आहे. रुंद पात्रातून संथ येणारी नर्मदा येथे अचानक आक्रसते आणि मोठ्या वेगाने खाली कोसळते. उडणारे तुषार धुरासारखे दिसतात, म्हणून या धबधब्याला ‘धुवाँधार’ हे नाव पडले. रज्जुमार्गातून धबधबा आणि दरी यांचे वरून दर्शन घेता येते.

धबधब्याच्या पुढे नदीने संगमरवर कापून अरुंद दरी तयार केली आहे. अब्जाहून अधिक वर्षे जुन्या या खडकात शुभ्र रंगाबरोबर गुलाबी, निळसर आणि करड्या छटाही आढळतात. पंचवटी घाटावरून नावेने या दरीत जाता येते. एके ठिकाणी दोन्ही कडे इतके जवळ येतात, की माकडे एका काठावरून दुसऱ्या काठावर उडी मारत असत, असे नावाडी सांगतात. त्यावरून त्या जागेला ‘बंदरकूदनी’ म्हणतात. पौर्णिमेच्या रात्रीचा नौकाविहार विशेष प्रसिद्ध आहे. राज कपूर यांच्या ‘जिस देश में गंगा बहती है’ या चित्रपटातून ही दरी भारतभरातील प्रेक्षकांपर्यंत पोहोचली.

चौसष्ट योगिनी मंदिर

भेडाघाटाजवळच्या टेकडीवर, शंभराहून अधिक पायऱ्या चढून गेल्यावर, कलचुरी काळातील हे वर्तुळाकार मंदिर लागते. उघड्या प्रांगणाभोवती योगिनींच्या मूर्तींची ओवरी आहे. नाव चौसष्ट योगिनींचे असले, तरी मूर्तींची संख्या त्याहून अधिक आहे. बहुतेक मूर्ती भग्नावस्थेत असूनही त्यांतील शिल्पकौशल्य लपत नाही. प्रांगणाच्या मध्यभागी गौरीशंकराचे मंदिर आहे.

त्रिपुरी : कलचुरींची राजधानी

भेडाघाटाच्या वाटेवर लागणारे तेवर हे गाव म्हणजे कलचुरी राजवंशाची राजधानी त्रिपुरी होय. महाराष्ट्राशी तिचे नाते जुने आहे. आपल्या पणजोबांचा उल्लेख ‘महाराष्ट्रचूडामणी’ असा करणारा संस्कृत नाटककार राजशेखर दहाव्या शतकात कलचुरी राजा युवराजदेव याच्या आश्रयाला होता. या राजवंशाचे कोरीव लेख नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी संपादित केले. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ आजही या विषयाचा आधारग्रंथ मानला जातो. कलचुरी शिल्पे शहरातील राणी दुर्गावती संग्रहालयात पाहता येतात.

मार्च १९३९ मध्ये काँग्रेसचे ऐतिहासिक अधिवेशन त्रिपुरी येथे भरले. पट्टाभि सीतारामय्या यांचा पराभव करून पुन्हा अध्यक्षपदी आलेले सुभाषचंद्र बोस आजारी अवस्थेत त्याला उपस्थित होते. त्या अधिवेशनाची आठवण म्हणून उभारलेले कमानिया गेट जबलपूरच्या जुन्या बाजारपेठेत उभे आहे. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहाची ठिणगीही याच शहरात पडली. पुढे नागपुरात त्याला व्यापक रूप आले.

मदन महल आणि राणी दुर्गावती

गोंड राजवटीची साक्ष देणारा मदन महल शहरातील टेकडीवर एका अखंड शिळेवर उभा आहे. जवळच एका खडकावर दुसरा प्रचंड खडक अगदी लहानशा भागावर तोललेला दिसतो. २२ मे १९९७ रोजी जबलपूर ५.८ तीव्रतेच्या भूकंपाने हादरले, तेव्हाही तो जागचा हलला नाही.

गढा-मंडलाच्या राणी दुर्गावती यांनी अकबराचा सरदार आसफ खान याच्या सैन्याशी लढताना २४ जून १५६४ रोजी देह ठेवला. शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा त्यांनी स्वतःच जीवन संपवले. बरेलाजवळील त्यांचे समाधीस्थळ गोंड समाजासाठी श्रद्धास्थान आहे.

या राज्याचा शेवट मराठी इतिहासाशी जोडलेला आहे. १७८१ मध्ये सागरच्या मराठा सुभेदारांनी ते जिंकले. १७९८ मध्ये हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १९ डिसेंबर १८१७ च्या लढाईनंतर इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते.

लमेटाघाट : डायनासोरचा प्रदेश

१८२८ मध्ये इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन यांना जबलपूर छावणीच्या परिसरात काही अश्मीभूत हाडे सापडली. ‘डायनासोर’ हा शब्दही तेव्हा अस्तित्वात नव्हता. तो १८४२ मध्ये आला. १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी या अवशेषांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असे नाव दिले. आशियातील डायनासोर जीवाश्मांचा हा सर्वांत आरंभीचा शोध मानला जातो. ज्या खडकांत असे जीवाश्म आढळतात, त्या ‘लमेटा’ थराला नाव मिळाले ते याच लमेटाघाटावरून. येथील दगड आठवण म्हणून उचलून नेणे म्हणजे या नोंदवहीचे पान फाडणे होय.

बर्गी धरण

शहराच्या वरच्या बाजूस नर्मदेवर बर्गी धरण आहे. १९९० मध्ये पूर्ण झालेले हे नर्मदेवरील आरंभीच्या मोठ्या धरणांपैकी एक असून त्याच्या जलाशयाला राणी अवंतीबाई सागर म्हणतात. जलाशयाचा विस्तार नजरेत मावत नाही. मात्र त्यासाठी १६२ गावांना झळ पोहोचली, हेही लक्षात ठेवणे उचित ठरेल.

परिक्रमावासींचे घाट

ग्वारीघाट आणि तिलवाराघाट येथे नर्मदा परिक्रमा करणारे यात्रेकरू नेहमी भेटतात. ग्वारीघाटावरील सायंकाळची आरती पाहण्याजोगी असते. गो. नी. दांडेकर यांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’मुळे परिक्रमा मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. जबलपूरचे लेखक-चित्रकार अमृतलाल वेगड यांनी टप्प्याटप्प्याने केलेल्या परिक्रमेवर हिंदी आणि गुजरातीत लिहिले.

केव्हा आणि कसे जावे

ऑक्टोबर ते मार्च हा काळ सर्वांत अनुकूल आहे. पावसाळ्यात नदीला पूर येत असल्याने भेडाघाटातील नौकाविहार बंद ठेवला जातो. मुंबई-प्रयागराज-हावडा रेल्वेमार्गावर जबलपूर हे प्रमुख स्थानक आहे. नागपूरहून सिवनीमार्गे रस्त्यानेही येता येते आणि शहरापासून जवळच डुमना विमानतळ आहे. पहिल्या दिवशी त्रिपुरी, लमेटाघाट आणि भेडाघाट, तर दुसऱ्या दिवशी मदन महल, संग्रहालय, बर्गी आणि सायंकाळी ग्वारीघाट असा क्रम सोयीचा ठरतो. धुवाँधारजवळचे खडक ओले आणि निसरडे असतात. कठड्यापलीकडे जाऊन छायाचित्रे काढण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.