चपट्या माशाचे पिल्लू काय खाते?

कोकणातल्या बाजारात मिळणारा लेपा आपण पाहिला असेल. त्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला असतात. पण अशा चपट्या माशांचे पिल्लू सुरुवातीला चारचौघा माशांसारखेच असते. डोळे दोन बाजूंना आणि पोहणे सरळ. पुढे एक डोळा डोक्यावरून पलीकडे सरकतो आणि मासा तळाशी आडवा होतो. तोपर्यंत काही मिलिमीटर लांबीचा हा डिंभ भर समुद्रात काय खातो?

उत्तर युरोपात हा प्रश्न पोटापाण्याचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नॉर्वे व स्कॉटलंडमध्ये माशांची अंडी उबवून पिल्ले समुद्रात सोडणारी केंद्रे निघाली. डिंभाजवळ अंड्यातल्या पीतकाची शिदोरी असते. ती संपल्यावर त्याला जगवणे जमत नसल्याने पिल्ले बहुधा त्याआधीच सोडली जात. १९१४ मध्ये नॉर्वेच्या योहान यॉर्ट यांनी सुचवले, की पुढे मासे मुबलक मिळणार की तुटपुंजे, हे या पहिल्या घासावर ठरत असावे.

तो घास कोणता? इंग्लंडमधील प्लिमथ येथे मेरी लेबूर यांनी सरळ वाट धरली. समुद्रातून पकडलेल्या अनेक जातींच्या पिल्लांची पोटे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली व निष्कर्ष १९१८ ते १९२० या काळात प्रसिद्ध केले. कोपेपॉड हे चिमुकले कवचधारी प्राणी, शिंपल्यांचे डिंभ असे बरेच काही सापडले. मात्र समोर येईल ते गिळले असे नव्हते. जातीजातीची आवड निराळी होती.

१९५३ मध्ये जे. ई. शेलबर्न यांनी उत्तर समुद्राच्या दक्षिण भागातील प्लेस या चपट्या माशाचे डिंभ तपासले. त्यांच्या पोटात प्रामुख्याने ओइकोप्ल्युरा होता. हा शेपटीवाला इवला प्राणी स्वतःभोवती बुळबुळीत घर बांधून त्यातून अन्न गाळतो.

गंमत पुढेच आहे. १९३९ मध्ये नॉर्वेच्या गुन्नार रोलेफसेन यांनी प्लेसची पिल्ले आर्टेमियाच्या डिंभांवर वाढवून दाखवली होती. शेलबर्न यांनीही पुढे आयल ऑफ मॅन बेटावरील पोर्ट एरिन येथे तेच खाद्य वापरून हजारो पिल्ले वाढवली. आर्टेमिया राहतो खाऱ्या सरोवरांत व मिठागरांत. उत्तर समुद्रात प्लेसची त्याच्याशी गाठ पडत नाही!

म्हणजे ‘काय खाऊ शकते’ आणि ‘काय खाते’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वर्गातल्या बरणीत बेडकाची पिल्ले कणीक खातात. मग डबक्यात ती काय खातात? त्याचे उत्तर बरणीत नाही. त्यासाठी आपल्याला डबक्यापर्यंतच जावे लागेल.