हौशी शोधकांची जोडी आणि तिचे घर : इंग्रजी रहस्यकादंबरीच्या इतिहासातील एक प्रकरण

रहस्यकथेच्या अभ्यासकांनी विषांचे प्रकार, बंद खोल्यांचे नकाशे आणि खुनाच्या युक्त्या यांची जितकी बारकाईने छाननी केली आहे, तितकी शोधकाच्या घराची केलेली नाही. वस्तुतः शोधक रात्री कोणाकडे परततो आणि त्या व्यक्तीचा उल्लेख चारचौघांत कोणत्या शब्दाने करतो, हे प्रश्न या वाङ्मयप्रकाराच्या घडणीशी निकटचे आहेत. परस्परांवर प्रेम करणारे दोन पुरुष हौशी शोधक म्हणून इंग्रजी रहस्यकादंबरीत केव्हा अवतरले, आणि त्यांना इतका विलंब का लागला, एवढाच मर्यादित प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

शोधकांची जोडी ही कल्पना मुळीच नवी नव्हे. अगाथा ख्रिस्तीने टॉमी आणि टपेन्स ही जोडी १९२२ साली निर्माण केली. डॅशिएल हॅमेटचे निक आणि नोरा हे दांपत्य १९३४ साली आले. १९४० मध्ये लॉकरिज पतिपत्नींनी नॉर्थ दांपत्य वाचकांपुढे ठेवले. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि विजया कोणाला ठाऊक नाहीत? पतिपत्नी एकत्र शोध घेतात म्हणून वाचक कधी अडखळला नाही. दोन पुरुष एका बिऱ्हाडात राहून शोध घेतात, हेही होम्स आणि वॉटसन यांच्यामुळे त्याच्या पूर्ण परिचयाचे होते. मात्र या दोन परिचित गोष्टी एकत्र आणावयाच्या म्हटल्या की कल्पना थबकत असे. रेक्स स्टाउट याने १९४१ साली होम्सभक्तांच्या मेळाव्यात, वॉटसन ही स्त्री होती, असे प्रतिपादन करणारे एक विनोदी भाषण केले. विनोद निर्मळ आहे. परंतु त्याची अट पाहण्यासारखी आहे. त्या बिऱ्हाडात संसाराच्या खुणा दिसतात हे मान्य, पण दोघांपैकी एकाला स्त्री ठरविल्यावाचून तो संसार थट्टेतही सिद्ध होत नाही.

समलिंगी पुरुष रहस्यकथेत नव्हता असे नाही. तो होता, पण खुनी, संशयित किंवा हस्तक म्हणून. आणि त्याचे नाव घ्यावयाचे ते आडून. याचे भाषाभ्यासकाच्या दृष्टीने फार उद्‌बोधक असे एक उदाहरण हॅमेटच्याच १९३० सालच्या ‘द माल्टीज फाल्कन’ मध्ये सापडते. विल्मर नावाच्या तरुण हस्तकाला तेथे ‘गन्सल’ म्हटले आहे. हा शब्द यिडिश भाषेतील हंसाच्या पिल्लाच्या नावावरून आलेला. अमेरिकेतील भटक्यांच्या बोलीत तो एखाद्या वयस्क भटक्याने आपल्याजवळ बाळगलेल्या पोराला उद्देशून वापरीत. ‘ब्लॅक मास्क’ मासिकाचा संपादक जोसेफ शॉ अशा बाबतीत सोवळा होता. परंतु शब्दाच्या आरंभी ‘गन’ हा ध्वनी असल्यामुळे त्याने त्याचा अर्थ बंदूकधारी असा घेतला आणि शब्द तसाच छापला, अशी हकीकत अर्ल स्टॅन्ले गार्डनरने नमूद केली आहे. पुढे इतर लेखकांनी त्याच समजुतीने तो उचलला आणि आज कोशांतही बंदूकधारी हा अर्थ रूढ झालेला दिसतो. लोकव्युत्पत्तीने अर्थ पालटल्याची उदाहरणे आपण वर्गात नेहमी देतो. येथे मात्र जो अर्थ पुसला गेला तो पुसला जावा अशीच व्यवस्था समाजाने करून ठेवली होती.

ही व्यवस्था केवळ संकोचाची नव्हती, कायद्याची होती. इंग्लंडमध्ये १८८५ च्या कायद्याने पुरुषांमधील खाजगी संबंधही दंडनीय ठरविले आणि ते बंधन १९६७ पर्यंत टिकले. हिंदुस्थानात १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ याच मनोवृत्तीचे अपत्य होते. प्रौढांच्या परस्परसंमत संबंधांपुरते ते सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी निष्प्रभ केले. आता हौशी शोधकाच्या परंपरेचे स्वरूप पाहावे. हा शोधक पोलिसांना हसतो, त्यांच्या चुका दाखवितो. पण त्यांच्या दारात निर्भयपणे जातो. लॉर्ड पीटर विम्झीची तर बहीणच पोलीस अधिकाऱ्याला दिलेली. ज्या दोन माणसांचे एकत्र राहणे हाच गुन्ह्याचा पुरावा, त्यांनी कोणत्या तोंडाने चौकीत जाऊन तपासातील उणिवा दाखवावयाच्या? विलंबाचे कारण लेखकांच्या भीरुत्वात शोधण्याआधी या साध्या अडचणीत शोधावे, असे मला वाटते.

म्हणूनच १९५३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द हार्ट इन एक्झाइल’ या कादंबरीचे महत्त्व विशेष आहे. रॉडनी गार्लंड हे टोपणनाव. त्यामागे अ‍ॅडम द हेगेडुश हा हंगेरीहून आलेला लेखक होता. कथेचा निवेदक डॉ. अँथनी पेज हा मानसोपचारतज्ज्ञ. त्याच्या एका जुन्या प्रियकराचा मृत्यू होतो. मृताची वाग्दत्त वधू पेजकडेच येते आणि या मृत्यूचा उलगडा करावा अशी विनंती करते. आपले आणि मृताचे नाते तिला सांगण्याची सोय नाही. पुढे तो लंडनमधील ज्या चोरट्या जगातून हिंडतो त्याचे वर्णन जवळजवळ समाजशास्त्रज्ञाच्या टिपणासारखे आहे. कथानक त्यामुळे मधूनमधून रेंगाळते, हेही कबूल केले पाहिजे. पण रचनेतील एक गोष्ट फार सूचक आहे. पेजच्या घरी टेरी नावाचा तरुण मदतनीस आहे. तो घर पाहतो, कामात हातभार लावतो, आणि शोध संपत येतो तसतसे निवेदकाच्या ध्यानात येते की आपण ज्याच्या शोधात होतो ते घरीच होते. जोडी जुळते ती कादंबरी संपतेवेळी. शोध दोघांनी मिळून घेण्याचा काळ अद्याप यावयाचा होता.

याच सुमारास इंग्लंडमध्ये खटल्यांचा गाजावाजा झाला, १९५४ मध्ये वुल्फेंडन समिती नेमली गेली आणि १९५७ मध्ये तिचा अहवाल आला. १९६१ च्या ‘व्हिक्टिम’ या चित्रपटात डर्क बोगार्डने रंगविलेला बॅरिस्टर स्वतःची प्रतिष्ठा पणाला लावून धमकी देऊन पैसे उकळणाऱ्यांचा माग काढतो. तोही हौशी शोधकच, पण एकाकी.

अमेरिकेतील वाटचाल थोडक्यात सांगता येईल. जॉर्ज बॅक्स्टचा फेरो लव्ह हा कृष्णवर्णीय, समलिंगी पोलीस शोधक १९६६ साली आला. जोसेफ हॅन्सनचा डेव्ह ब्रँडस्टेटर १९७० साली. ब्रँडस्टेटर विमा कंपनीसाठी मृत्यूच्या दाव्यांची चौकशी करतो, आणि १९९१ पर्यंतच्या बारा कादंबऱ्यांत त्याचे वय, विरह आणि नवे घर ही सारी वाचकांसमोर घडत जातात. कलागुणांचा विचार केला तर या संपूर्ण प्रकरणात हॅन्सनच्या तोडीचा दुसरा लेखक मला दिसत नाही. परंतु त्याचा नायक व्यावसायिक. १९८० ते १९८६ या काळात ‘नेथन अल्डाइन’ या संयुक्त नावाने मायकेल मॅक्डॉवेल व डेनिस शुट्झ यांनी लिहिलेल्या चार कादंबऱ्यांत शोधक हौशी आहेत आणि जोडीनेही आहेत. मात्र ती जोडी समलिंगी डॅनियल व्हॅलेन्टाइन आणि त्याची मैत्रीण क्लॅरिस यांची. निक-नोरांचा जुना साचा ठेवला, आतील दांपत्य तेवढे काढून घेतले! रिचर्ड स्टीव्हन्सनच्या डोनाल्ड स्ट्रेची याला १९८१ पासून टिमथी कॅलहन हा स्थिर सहचर लाभला, पण तपासाचा परवाना एकट्या स्ट्रेचीजवळ.

पूर्ण अर्थाने हौशी जोडी मार्क रिचर्ड झुब्रो याच्या ‘अ सिंपल सबर्बन मर्डर’ मध्ये, १९८९ साली, दिसते. टॉम मेसन हा शिकागोच्या उपनगरातील माध्यमिक शाळेचा शिक्षक. स्कॉट कार्पेन्टर हा व्यावसायिक बेसबॉलपटू. शाळेतील सहकाऱ्याचा खून होतो आणि दोघे शोधाला लागतात. झुब्रो स्वतः शिक्षक होता, त्यामुळे शिक्षकांच्या खोलीतील कुजबुज, मुख्याध्यापकांची सावधगिरी, पालकांचा धाक हे सारे अस्सल उतरले आहे; गुन्ह्याची गाठ मात्र पुष्कळदा मुलाखतींच्या लांबलचक मालिकेतून सुटते. या व्यवसायांची निवड सहज झालेली नाही. समलिंगी शिक्षकांना शाळांतून काढता यावे असा प्रस्ताव १९७८ साली कॅलिफोर्नियात मतदानाला आला होता आणि फेटाळला गेला. बेसबॉलच्या सर्वोच्च संघांत तर १९८९ पर्यंत एकाही खेळाडूने खेळत असताना ही गोष्ट जाहीर केली नव्हती. म्हणजे एकाची नोकरी व दुसऱ्याची कीर्ती टांगणीला लावून लेखक आरंभ करतो. हौशी माणसाने खुनाच्या भानगडीत पडावेच का, हा टीकाकारांचा जुना आक्षेप. बहुतेक कादंबरीकार त्याला कुतूहलाखेरीज उत्तर देऊ शकत नाहीत. येथे उत्तर तयार आहे. आपल्यासारख्यांच्या बाबतीत पोलीस संशय आधी घेतील व तपास मागाहून करतील, ही त्या समाजाची अनुभवसिद्ध धारणा होती. ज्या अडचणीने ही जोडी इतकी वर्षे दूर ठेवली, तीच अडचण कथानकाची प्रेरक शक्ती बनली.

आता शब्दाविषयी. त्या काळच्या अमेरिकन समलिंगी व्यवहारात जोडीदाराला ‘लव्हर’ म्हणत. कालांतराने ‘पार्टनर’ आले आणि मग ‘हजबंड’. पहिले दोन शब्द लिंगनिरपेक्ष असल्यामुळे बोलणाऱ्याला त्यांच्या आडोशाला उभे राहता येते. सर्वनाम आले की आडोसा जातो. मराठीत भाषांतर करणाऱ्याला हा आडोसा मिळत नाही. मित्र की मैत्रीण, आला की आली, हे पहिल्याच वाक्यात उघड होते. शिवाय ‘प्रियकर’ या शब्दाला चोरट्या भेटीचा वास आहे, ‘सखा’ भक्तिकाव्यात रमलेला, ‘सहचर’ ग्रांथिक. ‘जोडीदार’ त्यातल्या त्यात घरगुती. पण तो पत्त्यांच्या डावातही चालतो. आमच्या आजीच्या पिढीने नाव न घेता ‘हे’ एवढ्या एका सर्वनामावर आयुष्यभर संसार चालविला, कारण ‘हे’ म्हणजे कोण ते ऐकणाऱ्याला ठाऊक होते. टॉमपुढे पेच होता तो नेमका ऐकणाऱ्याचा.

या मालिकेतील २००२ सालच्या ‘हिअर कम्स द कॉर्प्स’ मध्ये टॉम आणि स्कॉट विवाहबद्ध होतात. शीर्षक वधूच्या आगमनाच्या गीतावरील कोटी आहे आणि परंपरेला अनुसरून समारंभात प्रेतही पडते. इलिनॉय राज्यात असा विवाह कायदेशीर झाला तो १ जून २०१४ रोजी. मधली बारा वर्षे त्या दोघांचे लग्न केवळ कादंबरीत नोंदलेले होते.