मोटारगाडीची हाताळणी व स्थैर्य (ट्रॅक वाहनचालन)

हाताळणी म्हणजे चालकाने सुकाणू, प्रवेगक किंवा ब्रेकद्वारे दिलेल्या आज्ञेला मोटारगाडीने दिलेला प्रतिसाद होय. वळणावर, असमान पृष्ठभागावर किंवा अचानक दिशा बदलताना गाडी ताब्यात राहण्याच्या गुणधर्मास स्थैर्य म्हणतात. हे दोन्ही गुण काही प्रमाणात परस्परविरोधी आहेत. चटकन वळणारी गाडी चटकन घसरूही शकते, आणि अतिस्थिर गाडी वळणावर आळशी वाटते. शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर (ट्रॅक) गाडी चालवण्यासाठी केले जाणारे बहुतेक बदल या दोहोंचा मेळ साधण्यासाठी असतात.

भारतात हा विषय छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराशी जोडला जातो, कारण शहरालगतच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत २००१ पासून स्कोडाच्या गाड्या तयार होऊ लागल्या आणि पुढे ऑडीच्या गाड्यांची जुळणीही तेथे सुरू झाली. ऑक्टाव्हिया हे येथील पहिले मॉडेल. तिची ‘आरएस’ ही वेगवान आवृत्ती पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या कौटुंबिक गाडीला ट्रॅकयोग्य कसे करतात, याचे भारतीय वाचकाला परिचित असे उदाहरण आहे.

भारस्थलांतर

गाडी वळते तेव्हा जडत्वामुळे आतल्या चाकांवरील भार कमी होऊन बाहेरच्या चाकांवर जातो. स्थलांतरित भार हा गाडीचे वजन, पार्श्वप्रवेग आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या सम प्रमाणात, तर डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो. १४०० किलो वजनाच्या, ०.५५ मीटर उंचीवर गुरुत्वमध्य आणि १.५४ मीटर चाकांतर असलेल्या गाडीत ०.९ जी इतक्या पार्श्वप्रवेगाला सुमारे ४५० किलो भार आतून बाहेर सरकतो. भार दुप्पट झाला तरी टायरची पकड दुप्पट होत नाही. त्यामुळे बाहेरचा टायर जितके मिळवतो त्यापेक्षा आतला टायर अधिक गमावतो.

स्प्रिंग कापून गाडी खाली आणण्याची हौस याच कारणासाठी फसवी ठरते. वरील उदाहरणात गाडी २० मिलिमीटरने खाली आणल्यास स्थलांतरित भार केवळ १६ किलोने घटतो. उलट मॅकफर्सन पद्धतीच्या सस्पेन्शनमध्ये गाडी खाली येते तसे तिचे झुकाव-केंद्र (रोल सेंटर) त्याहून वेगाने खाली जाते, त्यामुळे गाडी पूर्वीपेक्षा अधिक कलण्याचा संभव असतो. कापलेल्या स्प्रिंगला मूळ शॉक अॅब्सॉर्बर जुळत नाहीत, ही अडचण वेगळीच.

अँटी-रोल बारविषयीही असाच गैरसमज आढळतो. जाड बार एकूण भारस्थलांतर जवळजवळ कमी करत नाही. ते पुढच्या व मागच्या धुरांमध्ये कसे वाटले जाईल एवढेच ठरवतो. पुढच्या चाकांची पकड आधी संपून गाडी वळणाबाहेर सरळ सरकू लागली तर त्यास अंडरस्टीअर म्हणतात. मागची चाके आधी घसरल्यास ओव्हरस्टीअर. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागचा बार जाड केल्यास अंडरस्टीअर घटतो. मात्र वळणाच्या मध्यावर घाबरून प्रवेगकावरून पाय काढल्यास भार पुढे सरकतो आणि हलकी झालेली मागची बाजू सुटते.

ऑडी टीटी प्रकरण

या दोषाचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे १९९८ साली बाजारात आलेली पहिली ऑडी टीटी. तिच्या गोलाकार मागील भागामुळे अतिवेगात मागची धुरा हलकी होत असे. उच्च वेगात अचानक मार्गिका बदलताना किंवा तीव्र वळणावर ताबा सुटून युरोपात अपघात झाले व त्यांत प्राणहानीही झाली. त्यानंतर कंपनीने विकलेल्या गाड्या परत बोलावून त्यांच्या सस्पेन्शनमध्ये बदल केले आणि मागे लहान स्पॉयलर बसवला. इलेक्ट्रॉनिक स्थैर्यनियंत्रणही (ईएसपी) पुरवण्यात आले. रचनाकारांना मूळ रेषेत तो स्पॉयलर नको होता, असे गाडीकडे पाहूनही समजते.

हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० किलोमीटरच्या तुलनेत २०० ला तो चौपट असतो. म्हणूनच संथ वळणावर पंख (विंग) जवळपास निरुपयोगी असतो. केवळ मागे मोठा पंख लावलेली पुढच्या चाकांवरची गाडी वेगवान वळणावर अधिकच अंडरस्टीअर दाखवते. त्यासाठी पुढच्या बाजूसही स्प्लिटरने तोल साधावा लागतो.

टायर व चाकांची जुळणी

सर्वाधिक फरक टायर घडवतात, आणि सर्वांत कमी खर्चाचा उपाय म्हणजे त्यांतील हवा. २० अंश सेल्सिअसला २८ पीएसआय भरलेल्या टायरमधील हवा ८० अंशांपर्यंत तापली की दाब वायूच्या नियमानुसार सुमारे ३७ पीएसआय होतो. त्यामुळे ट्रॅकवर ‘गरम दाब’ ठरवून त्याप्रमाणे थंड दाब कमी ठेवतात. चाळिशी ओलांडणाऱ्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सकाळी भरलेली हवा दुपारी पुन्हा तपासावी लागते. फेरी संपताच टायरच्या आतील, मधल्या व बाहेरील पट्ट्याचे तापमान मोजले जाते. मधला पट्टा जास्त तापला तर दाब जास्त आहे. बाहेरची कड जास्त तापली तर चाकाचा आतला कल (ऋण कॅम्बर) अपुरा आहे. मॅकफर्सन सस्पेन्शनच्या गाड्यांत ट्रॅकसाठी दोन ते तीन अंश ऋण कॅम्बर ठेवतात. रस्त्यावर रोज चालवताना त्याने टायरची आतील कड लवकर झिजते.

डिफरन्शियल आणि ब्रेक

२०२० मध्ये भारतात २०० गाड्यांपुरती आणलेली, २४५ पीएस शक्तीची ऑक्टाव्हिया आरएस २४५ शेंद्र्यात न बनता पूर्ण आयात झाली होती. तिच्यातील इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे मर्यादित-घसर डिफरन्शियल वळणातून बाहेर पडताना आतल्या चाकाची वाया जाणारी शक्ती बहुपट्टी क्लचद्वारे बाहेरच्या चाकाकडे वळवते. साध्या गाड्यांत हेच काम आतल्या चाकाला ब्रेक लावून केले जाते. पण ट्रॅकवर लागोपाठ फेऱ्यांत त्यामुळे ब्रेक तापतात.

ब्रेक तापणे हा दुर्लक्षित धोका आहे. डॉट ४ प्रतीच्या नव्या ब्रेक द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. हवेतील ओलावा शोषलेल्या द्रवाची मर्यादा १५५ अंशांवर येते. द्रव उकळला की वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जाते. म्हणून शक्ती वाढवण्याआधी द्रव व पॅड बदलण्याचा सल्ला दिला जातो.

भारतातील स्थिती

चाकणला तेव्हा तयार होणाऱ्या फोक्सवॅगन पोलोवर आधारित एकसमान गाड्यांची शर्यतमालिका २०१० मध्ये सुरू झाली. पुढे व्हेंटो व अमिओ यांच्याही मालिका झाल्या. अशा गाड्यांत आतील आसने काढून सुरक्षा पिंजरा बसवतात. मात्र महाराष्ट्रात दीर्घकाळ आंतरराष्ट्रीय दर्जाचा कायमस्वरूपी मोटारशर्यत ट्रॅक नव्हता. संभाजीनगरच्या हौशी चालकास चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरची करी मोटर स्पीडवे किंवा ग्रेटर नोएडातील ५.१ किलोमीटरचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट गाठावे लागे, आणि यांपैकी कोणतेही हजार किलोमीटरपेक्षा फारसे जवळ नाही.

परिणामी ट्रॅकसाठी बदललेली गाडी बहुधा सार्वजनिक रस्त्यावरूनच नेली जाते, आणि तेथे कायदा आडवा येतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलांहून भिन्न बदल करण्यास मनाई आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसा निर्वाळा दिला. सर्वसाधारण खासगी वाहन विम्यात शर्यत व वेगचाचणी वगळलेली असते. म्हणून अनेक चालक मूळ मापाचे चांगले टायर, पॅड, ब्रेक द्रव आणि चाकांची जुळणी एवढ्यावरच थांबतात आणि शर्यतीसाठी स्वतंत्र गाडी ट्रकवर लादून नेतात.